स्पिटफायरचे करेक्शन पार्ट: सहा घेतले, तीन लावले

मागचे आठेक महिने माझ्या टेबलावर एकाच प्लास्टिक किटची दोन स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर विमान) शेजारी शेजारी आकार घेत होती, दोन्ही १/४८ म्हणजे खऱ्याच्या ४८ पट लहान, दोन्ही मार्क ९ या आवृत्तीची, एकीला डब्यात जे आलं तेवढंच लावायचं आणि दुसरीला त्या किटसाठी बाजारात मिळणारे करेक्शन पार्ट. हे मुद्दाम केलं, कारण आफ्टरमार्केट, म्हणजे किटसाठी वेगळे विकत मिळणारे पार्ट, घ्यावं की नाही यावर गेली कित्येक वर्षं नुसती मतं ऐकतेय, कोणी म्हणतं रेझिन लावल्याशिवाय मॉडेल पूर्णच होत नाही, कोणी म्हणतं सगळे पैसे पाण्यात, पण दोन्ही बांधून समोरासमोर ठेवून बघितलेलं मला तरी कोणी भेटलं नाही. म्हटलं आपणच करू. सहा सेट घेतले: स्पिनर (प्रोपेलरच्या मधली टोकदार टोपी) आणि प्रोपेलर, काउलिंग म्हणजे इंजिनावरचं आवरण, चाकं, व्हॅक्यूफॉर्म कॅनपी (साच्यावर ओढून केलेली कॉकपिटवरची पातळ काच), रेझिनची व्हील वेल (चाक आत जातं तो पंखातला खड्डा) आणि लँडिंग गिअरचे धातूचे पाय. विमानावर शेवटी त्यातले तीनच राहिले. किट कोणाचं आणि पार्ट कोणाचे ते लिहीत नाहीये, कारण जे दिसलं ते एका कंपनीपुरतं नाहीये, कुठल्याही किटला लागू पडेल असं आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करूया, कारण इथेच बरेच जण फसतात. करेक्शन पार्ट म्हणजे किटमधे जे चुकलंय ते बरोबर करणारा पार्ट, आकार चुकला, माप चुकलं, खऱ्या विमानात सरळ असलेली भिंत किटमधे वाकडी आली, असं काहीतरी. डिटेल पार्ट म्हणजे किटमधे जे ठीक आहे ते अजून बारीक करणारा. दोन्ही सेम पाकिटात, सेम राखाडी रेझिनमधे मिळतात आणि पाकिटावर लिहिताना सरमिसळ करतात. उदाहरणार्थ स्पिटफायरसाठी खाली सोडलेल्या फ्लॅपचे, म्हणजे पंखामागच्या झडपांचे, सेट मिळतात, दिसायला सुंदर, पण उभ्या असलेल्या स्पिटफायरचे जुने फोटो बघा, फ्लॅप बहुतेक वेळा वरच असतात, कारण उतरल्यावर पायलट ते लगेच उचलून घ्यायचे. म्हणजे तो सेट लावून विमान जास्त बरोबर होत नाही, उलट नेहमी जे दिसायचं त्यापासून लांबच जातं.

तर आधी किट खरंच चुकलंय का ते बघायचं. यासाठी व्हर्नियर लागतो आणि साधा भागाकार. स्पिटफायरचा विंगस्पॅन ३६ फूट १० इंच, म्हणजे ११.२३ मीटर, भागिले ४८ केलं की २३४ मिमी येतं. माझ्या किटचा पंख मोजला, २३४ च्या आसपासच भरला, पाव मिमी इकडेतिकडे, म्हणजे पंखाला हात लावायचा प्रश्नच नाही. प्रोपेलर मोजला. मार्क ९ चा चार पात्यांचा रोटोल कंपनीचा प्रोपेलर १० फूट ९ इंच व्यासाचा, म्हणजे १/४८ मधे ६८ मिमीपेक्षा किंचित जास्त यायला हवा, किटमधला भरला ६५. सव्वातीन मिमी ऐकायला काहीच वाटत नाही, पण खऱ्या विमानावर ते जवळजवळ १६ सेंटीमीटर होतात, आणि हे सगळं विमानाच्या अगदी तोंडावर. स्पिनरसुद्धा किटमधे बोथट होता, टोकाकडे जाताना जो लांब निमुळता बाक यायला हवा तो मधेच संपवल्यासारखा.

इथे मार्क ९ बद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर नाकासाठी एवढी धडपड का ते कळणार नाही. १९४१ मधे जर्मन फायटर फोके वुल्फ १९० आलं आणि स्पिटफायर मार्क ५ मागे पडायला लागलं, त्यावर घाईघाईत उत्तर म्हणून मार्क ५ च्याच सांगाड्यात मर्लिन ६१ इंजिन बसवलं, दोन स्टेज दोन स्पीड सुपरचार्जरवालं, म्हणजे उंचावरच्या विरळ हवेतही इंजिनात जास्त हवा कोंबणारं, आणि जुलै १९४२ मधे ६४ स्क्वाड्रनकडे पहिली मार्क ९ गेली. इंजिन लांब म्हणून नाक लांब झालं, तीनच्या जागी चार पाती आली, पंखाखाली दोन्ही बाजूंना सारखे रेडिएटर आले. बाकी विमान बरंचसं तेच. म्हणजे मार्क ५ आणि मार्क ९ शेजारी उभी केली तर तुम्ही ओळखणार नाकावरून आणि पंखाखालून. आता ज्या किटचं नाक चुकलंय त्यात मार्क ९ ची ओळखच चुकली, मग शेपटीवरचे रिवेट कितीही बरोबर असोत.

म्हणून पहिला सेट, स्पिनर आणि प्रोपेलर, माझ्या मते सहापैकी सगळ्यात जास्त पैसे वसूल करणारा. पाकीट उघडल्यावर आधी मोजला, आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते की किट मोजता तसाच करेक्शन पार्टही मोजा, करेक्शन लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल असं अजिबात नाही. हा भरला ६८.२. पात्यांचा पीळ पण बघितला. मर्लिन इंजिनवाल्या स्पिटफायरचा प्रोपेलर कॉकपिटमधून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचा आणि नंतरच्या ग्रिफन इंजिनवाल्यांचा उलट, त्यामुळे पात्यांचा पीळ पण उलटा, आणि पार्ट चुकीच्या पाकिटात गेला असेल तर ते रंग देऊन झाल्यावर लक्षात येण्यापेक्षा आधीच बघितलेलं बरं. पाती वेगवेगळी येतात, चारही ९० अंशात बसावीत म्हणून सोबत एक छोटा जिग (कोनात धरून ठेवणारा साचा) दिला होता, तो फार कामाचा निघाला. पार्टला धरून ठेवणारे बारीक सपोर्ट काढले, बेसिनपाशी ओल्या सँडपेपरनं घासला, सुपरग्लूनं चिकटवलं. एका संध्याकाळचं काम. मॉडेलचं प्लास्टिक सिमेंट रेझिनला चिकटत नाही, ते पॉलिस्टायरीन वितळवून जोडतं आणि रेझिन काही त्यात वितळत नाही, तेव्हा सुपरग्लू किंवा एपॉक्सीच लागतो. आणि रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट, कोरडं घासू नका, मास्क लावा, यात तडजोड करू नका.

दुसऱ्या विमानाला हे नाक लावलं आणि दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा जे दिसलं ते मी आठवडाभर येता जाता बघत होते. काहीच रंगवलेलं नव्हतं, एक निळसर राखाडी प्लास्टिक आणि पुढे फिकट रेझिन, तरी दुसरी स्पिटफायर वाटत होती आणि पहिली स्पिटफायरसारखं काहीतरी. माझ्या भावाला विमानांतलं काही कळत नाही, त्याला विचारलं यातलं जास्त वेगात जाणारं कोणतं वाटतं, त्याने क्षणात दुसरीकडे बोट दाखवलं. का ते त्याला सांगता येईना.

आता काउलिंग, आणि इथे माझे पैसे गेले. किटचं वरचं काउलिंग पुढच्या बाजूला किंचित चढलेलं होतं, म्हणून रेझिनचं करेक्शन काउलिंग घेतलं, पाकिटावर मार्क ९ लिहिलेलं. पार्टचा आकार उत्तम, ओतीव स्वच्छ, फासनर अगदी बारीक, पण किटवर धरून बघितलं तर वरचा भाग फुगीर दिसायला लागला. आधी मला वाटलं आपलीच बघण्यात चूक होतेय. मग फोटो काढून बसले तेव्हा लक्षात आलं, हे शेवटी शेवटी बनलेल्या मार्क ९ चं आणि मार्क १६ चं काउलिंग आहे. मार्क १६ मधे पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने बनवलेलं मर्लिन २६६ इंजिन होतं आणि त्या काळात वरचं काउलिंग फुगीर झालं. पाकिटावरचं मार्क ९ खोटं नव्हतं, पण मी बनवत होते १९४३ मधलं विमान, त्याचं काउलिंग सपाट. म्हणजे किटमधली एक छोटी चूक काढून त्याजागी मोठी चूक बसवणार होते, ते पण पैसे देऊन.

आणि तो व्हेरिएंट बरोबर असता तरी बसवणं सोपं नव्हतं. रेझिन ओतल्यावर थोडं आकसतं, किती ते रेझिनवर आणि ओतणाऱ्यावर अवलंबून, माझा पार्ट मागच्या जोडाला धडापेक्षा ०.६ मिमी अरुंद होता, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.३ ची पायरी. ही पायरी पुट्टी लावून घासायची म्हणजे आजूबाजूच्या पॅनल लाइन गेल्या, त्या पुन्हा कोरायच्या, आणि स्पिटफायरच्या काउलिंगवर सगळी नजर तिथेच जाते. शेवटी काय केलं तर तो पार्ट बाजूला ठेवला आणि किटचंच काउलिंग वरून घासून खाली आणलं, ४०० नंबरच्या सँडपेपरनं सुरुवात केली आणि १००० पर्यंत गेले, मधे मधे बाजूच्या फोटोशी ताडून बघत. वीस मिनिटं लागली. प्लास्टिक पुरेसं जाड होतं, आतून भोक पडण्याची भीती नव्हती. त्या दिवसापासून मी कुठलाही सेट मागवण्याआधी किट हातात घेऊन विचार करते की ही चूक घासून जाईल का, कारण जास्तीचं प्लास्टिक काढणं नेहमी सोपं असतं, कमी पडलं तरच पार्टची खरी गरज.

सेम पंखाच्या मागच्या कडेचं. किटमधे ट्रेलिंग एज ०.८ मिमी जाड, ४८ ने गुणलं की चार सेंटीमीटरच्या जवळ, खऱ्या विमानाची कड अशी जाड पाटीसारखी नसते. दोन्ही अर्ध्या चिकटवण्याआधी आतल्या बाजूने घासल्या आणि झालं, यासाठी कुठला सेट नको. स्पिटफायरच्या पंखाच्या मुळाशी खालच्या बाजूला मागे जो हलका गल विंगचा, म्हणजे समुद्रपक्ष्याच्या पंखासारखा, बाक येतो तो पण काही किटमधे सपाट असतो, तिथे थोडी एपॉक्सी पुट्टी आणि ओलं बोट. एफ-४ फँटम जेट बनवणाऱ्यांसाठी पण हेच, बाहेरचे पंख १२ अंश वर आणि मागचे स्टॅबिलेटर, म्हणजे शेपटीचे आडवे पंख, २३ अंश खाली, हे कोन नीट आले तर अर्धं फँटम झालंच, आणि कोन पुठ्ठ्याच्या जिगने साधतात, पाकिटाने नाही.

चाकांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, घ्या. किटची चाकं दोन अर्ध्यांत येतात, मधला जोड घासताना टायरचा आकार बिघडतो, रिमचे स्पोक उथळ. रेझिनची चाकं एकसंध, टायर आणि रिम वेगळे रंगवायला सोपे. फक्त दोन गोष्टी बघा. एक, स्पिटफायरवर ५ स्पोकची चाकं होती आणि ४ स्पोकची पण, तुम्ही जे विमान बनवताय त्याच्या फोटोत कोणती आहेत ते बघून मागवा. दुसरं, वजनाने दबलेला टायर दाखवायच्या नादात काही चाकं अशी फुगवलेली असतात की टायर पंक्चर वाटतो, खऱ्या फायटरचा टायर चांगला टणक भरलेला असायचा, खाली एक छोटा सपाट भाग आणि अगदी हलका फुगवटा, तेवढाच हवा.

कॅनपी हा यातला अवघड पार्ट, वेळखाऊ, आणि तरी मी लावलाच. किटची काच १.२ मिमी जाड, म्हणजे खऱ्या विमानात जवळजवळ सहा सेंटीमीटर. बंद ठेवली तर चालून जातं, खरंच चालतं, तेव्हा कॅनपी बंद ठेवणार असाल तर हा सेट घेऊ नका. पण उघडी ठेवायची असेल तर स्पिटफायरचा सरकता हुड मागे धडाच्या पाठीवर जाऊन बसतो, अगदी लगटून, आणि किटचा जाड हुड तिथे बसतच नाही, वर अधांतरी उभा राहतो, आणि ती चूक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पण दिसते. व्हॅक्यूफॉर्म पाव मिमी जाड, तो मस्त बसला. पण पहिला कापताना फाटला. पाकिटात दोन होते म्हणून वाचले. दुसऱ्या वेळी आतून चिकटमातीसारखा पुट्टी टॅक दाबून भरला म्हणजे काच दबत नाही, नवीन ब्लेड लावलं, आणि एकदाच जोर लावून कापण्याऐवजी त्याच रेषेवर दहा बारा वेळा हलक्या हाताने ब्लेड फिरवलं. चिकटवायला सुपरग्लू नाही, त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि ते नंतर सहज निघत नाही, पांढरा गोंद किंवा कॅनपी ग्लू वापरा.

व्हील वेलवर माझे तीन रविवार गेले. पार्ट देखणा होता, आतल्या पाइप, रिवेटच्या ओळी, सगळं. पण स्पिटफायरचा पंख मुळातच पातळ, मुळाशी सुद्धा जाडी रुंदीच्या १३ टक्के, आणि त्यात प्लास्टिकची वरची कातडी, खालची कातडी, मधे रेझिनचा तळ, हे सगळं मावायला कुठेतरी काहीतरी घासलंच पाहिजे. सूचनेत लिहिलंय की वरच्या पंखाची आतली बाजू घासून पातळ करा. केली. १.१ मिमी होती ती ०.४ पर्यंत आणली, उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागली, तरी पंख मिटेना. रेझिन खालून घासलं, ते एका ठिकाणी कागदासारखं झालं. परत घासलं तेव्हा डाव्या पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला भोक पडलं. स्पिटफायरच्या पंखाची वरची बाजू म्हणजे त्या विमानाचं सौंदर्य आहे, ती लंबवर्तुळाकार विंग बघायलाच आपण हे विमान बनवतो, आणि मी पोटाखाली न दिसणाऱ्या एका खड्ड्यासाठी तिला भोक पाडलं याचं मला फार वाईट वाटलं. प्लास्टिकचा तुकडा आतून लावून, भरून, घासून ते नीट केलं, आणि किटचीच व्हील वेल परत बसवली. विमान चाकांवर उभं असताना दोन्हींमधला फरक मला स्वतःला दिसत नाही. उलटं केलं तर दिसतो.

पण हेच व्हील वेल दुसऱ्या एखाद्या विमानात चूकही असू शकते, तिथे विचार वेगळा. तामिया कंपनीचं १/४८ चं अमेरिकन फायटर पी-५१डी मस्टँग घ्या, अजून लोक आवडीने बांधतात, जोड इतके सुरेख की पुट्टी लागतच नाही, पण त्यात व्हील वेलची मागची भिंत उघड्या भागाच्या कडेबरोबर वळत जाते. खऱ्या मस्टँगमधे ती मागची भिंत म्हणजे पंखाचा मुख्य स्पार, आतली तुळई, सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ही डिटेलची नाही, रचनेची चूक. शिवाय इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिकचा दाब गेला की आतले दरवाजे खाली लोंबायचे, त्यामुळे आत नजर जाते. तर घ्यावं का करेक्शन? ज्याला तेच किट बांधायचंय त्याने सरळ प्लास्टिक शीटची पट्टी कापून नवीन भिंत उभी केली तरी पुष्कळ काम होतं. आणि ज्याच्याकडे अजून किटच नाही त्याने एडुआर्ड या किट कंपनीचं २०१९ चं पी-५१डी बघावं, त्यात ती भिंत डब्यातूनच बरोबर येते. याच मस्टँगवर अजून एक, खऱ्या विमानात पंखाच्या पुढच्या भागातले रिवेट आणि जोड कारखान्यातच पुट्टीने भरून, घासून, रंगवून टाकलेले असायचे, पंखावरची हवा गुळगुळीत वाहावी म्हणून. तेव्हा किटच्या पंखावर पुढे रिवेट असतील तर करेक्शन म्हणजे ते बुजवणं, आणि कोणी तिथे बारीक रिवेटचा सेट विकत असेल तर तो सेट विमान बिघडवतोय.

आणि काही चुका अशा असतात की त्याला जगात कुठला पार्ट नाही. एडुआर्डने २०१४ मधे १/४८ चं जर्मन फायटर मेसरश्मिट बीएफ १०९जी-६ काढलं, पृष्ठभागाची नजाकत बघून सगळे खूश, आणि मग लोकांनी मोजायला घेतलं. खऱ्या जी-६ चा विंगस्पॅन ९.९२ मीटर, १/४८ मधे २०६.७ मिमी व्हायला हवा, किट त्यापेक्षा मोठं भरलं, आणि पंखच नाही तर सगळंच विमान मोठं. आता याला काय करेक्शन लावणार? नाक बरोबर मापाचं आणलं तर ते मोठ्या धडाला बसणार नाही. कंपनीने ते मनावर घेऊन पूर्ण नवीन साचे बनवले आणि २०१६ मधे जी-६ परत नव्याने आणलं. मला यात त्यांचं कौतुक वाटतं, एवढा खर्च कोण करतं. आपल्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच की चूक जर मूळ मापातच असेल, धडाच्या लांबीत, पंखाच्या रुंदीत, तर कापाकापी करून एक चांगलं किट खराब करण्यापेक्षा दुसरं किट घ्यावं, आणि ते मिळत नसेल तर चुकीसकट आनंदाने बांधावं.

धातूच्या पायांचं दोन ओळीत सांगते. व्हाइट मेटल मऊ असतं, माझे पाय पाकिटातूनच थोडे वाकडे आले, सरळ केले तर कोन सारखे येईनात, आणि स्पिटफायर चाकांवर कशी उभी राहते, ते पाय किती पुढे आणि किती फाकलेले, यावर तिचा सगळा तोल दिसतो. एका इंजिनाच्या १/४८ फायटरला वजन असतं किती, प्लास्टिकचे पाय वर्षानुवर्षं टिकतात. १/३२ चं जड जेट, नाकात वजन घातलेलं, आत रेझिनचं सामान भरलेलं, तिथे पितळेचे पाय मी स्वतः घेईन, पितळ सहजी वाकत नाही. नाकाखाली चाक असलेल्या विमानात रेझिनचं वजन मुख्य चाकांच्या मागे गेलं तर विमान शेपटीवर बसतं, तेव्हा मागे रेझिनचे एक्झॉस्ट लावताना पुढे जागा आहे तोवर वजन भरून घ्या.

हल्ली बरेच सेट ओतीव रेझिनऐवजी थ्रीडी प्रिंट येतात, माझ्या सहापैकी एकच तसा होता, प्रोपेलरचा. आकसण्याचा त्रास कमी वाटला, ओतीव पार्टला चिकटून येणारा रेझिनचा ठोकळा इथे कापायचा नसतो, त्याजागी केसासारखे सपोर्ट असतात. पण हे रेझिन ठिसूळ, एक पातं मी सपोर्ट काढताना जवळजवळ मोडलं होतं, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मग कापले तर बरं जातं. प्रिंटच्या थरांच्या रेषा प्रायमर मारल्यावरच दिसतात, त्यामुळे प्रायमर आधी, घासणं मग, परत प्रायमर.

अजून एक, फोटो आणि ड्रॉइंग. किट चुकलंय हे सांगणारे बरेचदा मॉडेलचा मोबाइलवर वीतभर अंतरावरून काढलेला फोटो खऱ्या विमानाच्या फोटोशेजारी लावतात आणि म्हणतात नाक मोठं आहे. अहो, एवढ्या जवळून काढलं तर जे पुढे आहे ते मोठंच दिसणार. खऱ्या विमानाचा फोटो समजा २० मीटरवरून काढलाय, तर १/४८ मधे ते अंतर ४२ सेंटीमीटर होतं, मॉडेल तेवढ्या लांब ठेवा, झूम करा, कॅमेरा त्याच उंचीवर आणा, मग दोन फोटो एकमेकांशेजारी ठेवण्याला अर्थ आहे. मी केलं तेव्हा किटच्या ज्या चार चुका मला पक्क्या वाटत होत्या त्यातल्या दोन गायबच झाल्या. ड्रॉइंगचं पण तसंच, प्रिंटर कागदावर मावावं म्हणून गुपचूप दोन टक्के लहान करतो आणि आपण त्यावर किट ठेवून म्हणतो किट मोठं. आधी पट्टीने ड्रॉइंगचा विंगस्पॅन मोजा. शिवाय एकाच विमानाची दोन ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून बघितली तर ती पण जुळत नाहीत बरेचदा, आणि ज्याने करेक्शन पार्ट बनवला त्याने यातलं कुठलं तरी एक समोर ठेवून बनवलेला असतो. संग्रहालयातलं किंवा अजून उडणारं विमान मोजणं चांगलं, पण दुरुस्त करताना त्यांची चाकं, काचा, काउलिंग बदललेली असू शकतात, तेव्हा त्या काळातला फोटो सोबत हवाच.

आता दोन्ही विमानं रंगवून झालीत, एकाच रंगसंगतीत, ओशन ग्रे आणि डार्क ग्रीन, शेजारी शेजारी. हातभर अंतरावरून बघितलं तर फरक नाकात दिसतो आणि उघड्या कॅनपीत दिसतो, चाकांतला फरक वाकून बघितलं तर दिसतो. बाकी तीन सेटवर जेवढा वेळ आणि पैसा गेला त्यात अजून एक पूर्ण किट आलं असतं आणि बांधूनही झालं असतं. डब्यातून बांधलेल्या विमानाला मी नंतर राहवेना म्हणून तसाच दुसरा प्रोपेलर सेट मागवून लावला, आता तीही छान दिसते, फक्त त्यामुळे तुलना करायला मूळ नाक राहिलं नाही, ते फोटोतच आहे.

पंखाला भोक पाडणारी व्हील वेल एका मित्राने मागितली, त्याला तिचे साचे बघायचे होते, देऊन टाकली. काउलिंग मात्र मी ठेवलंय. कपाटात एक मार्क १६ चं किट पडून आहे, त्या डब्यात ते टाकलं आणि वर पेन्सिलने लिहून ठेवलं, जोड दोन्ही बाजूंना ०.३ कमी, धड चिकटवण्याआधी आतून ओढून घ्यायचं.